कारणाचा रकाना

कौसाबाई वाघमारे मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या अहमदपूरच्या एसटी स्टँडवर एका माणसाला चपलेने मारत होत्या.

आमची जीप सकाळीच नांदेडहून निघाली होती. पुढे पास्टर आणि ड्रायव्हर, मागे आमची तरुण डॉक्टर, मी, औषधांची खोकी आणि तंबूचे बांबू. चर्चतर्फे जळकोटच्या पलीकडे एका गावात नऊ दिवसांचं सेवा-शिबिर होतं, आणि लातूरहून येणाऱ्या एका निवृत्त ड्रेसरबाईंना वाटेत घ्यायचं होतं. ड्रेसर म्हणजे सरकारी दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. पास्टरांच्या आईला अखेरच्या दिवसांत पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या ह्याच बाईंनी तीन महिने धुतल्या, असं पास्टर वाटेत फार जिव्हाळ्याने सांगत होते. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे एक मवाळ, हळू बोलणारी आजी उभी राहिली होती.

स्टँडवर माणसांचं कडं जमलं होतं. कड्याच्या मधोमध पांढरं लुगडं नेसलेली एक ठेंगणी बाई. तिच्या डाव्या हातात एका माणसाची कॉलर, उजव्या हातात चप्पल. त्या माणसाची बायको गालाला पदर लावून बाजूला उभी होती.

"बस चुकली म्हणून बायकोला हाणतो? बस काय तिनं हाकून नेली का रे, मुडद्या?"

पास्टरांनी चष्मा सारखा केला, आमच्याकडे न बघता म्हणाले, "ह्याच आपल्या कौसाबाई."

दोन मिनिटांनी त्या जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या. धाप सुद्धा लागली नव्हती. साठी उलटलेली, हात मात्र एखाद्या पैलवानाला शोभतील असे. मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "तू काय करतीस?"

"लॅब टेक्निशियन आहे."

"म्हंजे रगत काढणारी. सरक तिकडं, लॅबवाली."

माझं नाव रूथ. ते त्यांनी नऊ दिवसांत एकदाही उच्चारलं नाही.

मी ह्या शिबिराला का आले होते, ते एकदाच सांगून टाकते, म्हणजे नंतर माझी मध्येमध्ये लुडबूड नको. माझी आई गेल्यापासून माझा देवावरचा विश्वास उडाला होता. चर्चमध्ये जात होते, पण शेजाऱ्यांच्या लग्नाला जावं तशी, चांगली साडी नेसून आणि घड्याळ बघत. पास्टर म्हणाले, "सेवेला चल, देव तिथं भेटतो." मला देवाला भेटायचं नव्हतंच, पण नांदेडच्या विष्णुपुरी भागातल्या माझ्या एका खोलीत रजा काढून भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून निघाले. गरिबांची सेवा करायला निघालेल्या माणसाला आपण फार चांगले आहोत असं जे वाटत असतं, ते मलाही वाटत होतं. स्टँडवरची ती चप्पल बघून त्यातलं निम्मं तिथंच उतरलं.

शिबिर शाळेच्या मैदानावर होतं. ऊसतोडीचे दिवस. आसपासच्या फडांतले मजूर, गावातले म्हातारे, रोजंदारीवरच्या बाया, सगळे तांबडं फुटायच्या आत रांगेत. आजाऱ्यांपेक्षा जखमी जास्त. कोयत्याने कापलेली बोटं, कुत्र्याने फाडलेल्या पोटऱ्या, उकळत्या रसाने भाजलेले हात. आणि माणसाने माणसाला केलेल्या जखमा तर विचारूच नका. मराठवाड्यातल्या खेड्यात इतकी मारहाण होते हे मला नांदेडला राहून माहीत नव्हतं, ह्याची आता लाज वाटते.

कौसाबाई चर्चच्या नव्हत्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली बाबासाहेबांमागे जाऊन बुद्धाला शरण जायचं ठरवलं, तेव्हापासून ते घर जयभीमवालं. पास्टरांना त्यांनी आधीच बजावलं होतं, "जखमा असतील तिथं मी येणार. गाणी तुमची तुम्ही म्हणा." रोज सकाळी आमची प्रार्थना चालायची तेव्हा त्या तंबूबाहेर स्टोव्हवर पातेलं ठेवून कात्र्या-चिमटे उकळत बसायच्या. मिश्री लावत, पाण्याकडे टक लावून. एके दिवशी पास्टरांची प्रार्थना जरा लांबली, तर कनातीच्या पलीकडून आवाज आला, "पास्टरसायब, आमेन म्हणा आता. पाणी आटून राहिलंय." पास्टरांनी मुकाट आमेन म्हटलं. पुढचे सगळे दिवस आमच्या प्रार्थनेची लांबी त्या पातेल्यावर ठरली.

हात एवढा हलका की दोन वर्षांच्या मुलाला पट्टी सुटल्याचं कळायचं नाही. तोंड मात्र कायम पेटलेलं. दारूडा आला की शिवी, पट्टी भिजवून आला की शिवी, जखमेवर तंबाखू-चुना भरून आला की शिवी आणि वर एक चापटी. "लई उपकार झाले माय," असं कुणी पाया पडत म्हणालं तर पाय मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उपकार ठेव तुझ्यापाशी. पट्टी कोरडी ठेव."

सकाळी केसपेपर करायचं काम माझ्याकडे होतं. नाव, वय, गाव, आणि शेवटी एक रकाना: जखमेचं कारण. तो कागद घेऊन पेशंट आधी डॉक्टरकडे आणि मग कौसाबाईंच्या टेबलाकडे जायचा. पहिल्याच दिवशी पस्तिशीचा एक गडी आला. खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव, सदरा रक्ताने अंगाला चिकटलेला. मी कारण विचारलं.

"पडलो, बाई."

मी लिहिलं, "पडून."

डॉक्टरने टाके घातले. पट्टी बांधायला तो कौसाबाईंपुढे बसला. त्यांनी कागद वाचला.

"कशावर पडलास?"

"बांधावर."

"बांधाला धार कवापासून आली रे?"

रांग फिदीफिदी हसली. गडी खाली मान घालून बसला. पाऊण तासाने त्याचा धाकटा भाऊ आला, एका कानाची पाळी तुटून लोंबत होती. तोही म्हणाला, पडलो. कौसाबाई म्हणाल्या, "हाव. तुमच्या बांधाला दातबी हायत वाटतं." मग त्यांनी धाकट्याला थोरल्याच्याच बाकावर बसवलं. थोरला एका हाताने त्याचा गळा धरायला झेपावला, धाकट्याने लाथ घातली, बाक उलटला, माझ्या टेबलावरच्या काचपट्ट्या फुटल्या. कौसाबाईंनी हातातला लोखंडी ट्रे दोघांच्या मध्ये घातला आणि दोघांना एकेक सणसणीत ठेवून दिली. "मारामारी करायची तर टाके निघाल्यावर करा. माझं काम वाया घालवलं तर मीच कुऱ्हाड आणीन." मग खाली बसून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, त्यांनी धाकट्याचा कान इतक्या हळुवार धुतला की तो गडी रडायला लागला. मी पण हसत होते त्या दिवशी. ते हसणं मला पुढे फार महागात पडलं.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून आणलं. गावातलं जुनं, जमीनजुमल्याचं घर. आता मुलं पुण्याला आणि म्हातारा ओसरीवर एकटा. साखरेच्या आजाराने पाय कुजला होता आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. वास असा की रांगेतली माणसं आपोआप दूर सरली. मला पाय धरून ठेवायला सांगितलं. मी तोंड फिरवून ओकले, परत येऊन धरला. कौसाबाईंनी जखमेत टर्पेंटाईनचे थेंब सोडले आणि अळ्या वर यायला लागल्यावर चिमट्याने एकेक वेचायला घेतली.

म्हाताऱ्याने मान उचलून विचारलं, "कोणाची गं तू?"

"वाघमाऱ्याची."

म्हाताऱ्याने पाय ओढून घेतला. एवढ्या दुखण्यात, एवढ्या घाणीत, त्याने पाय ओढून घेतला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कौसाबाई मात्र चिमटा हवेत धरून थांबल्या. चिमट्यात एक अळी वळवळत होती. ती त्यांनी म्हाताऱ्याच्या नाकापुढे नेली.

"हिला विचार की, ती कोणाची हाय. तिला तर तू पंधरा दिस घरात घेऊन बसलास."

मग म्हाताऱ्याने हळूच पाय परत पुढे केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दुखण्याचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही. कौसाबाईंनी पुढची अळी वेचायला घेतली. रोज त्याची जखम धुतली, रोज त्याला शिव्या घातल्या. त्या दिवशी दुपारी मी हात सातदा धुतले, तरी त्या पायाचा स्पर्श हातातून जाईना. कौसाबाई त्याच हाताने भाकरी मोडून खात होत्या.

आता मुक्ताबद्दल.

मुक्ता आली ती शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या दोन भावांच्या दुसऱ्याच दिवशी. बावीस-तेवीस वर्षांची, गावातल्या खात्यापित्या घरातली सून. डावं मनगट सुजून काळंनिळं. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "पडले." रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. मी लिहिलं, "पडून." कौसाबाईंनी तिचा हात बांधला, भरल्या रांगेपुढे तिला काही विचारलं नाही. केसपेपर तिच्याच हातात देऊन तिला घरी पाठवलं. मग माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं आता शिव्या. पण त्या हळू बोलल्या, आणि कौसाबाई हळू बोलल्या की भीती वाटायची.

"तिच्या कागदावर काय लिहिलंस?"

"ती म्हणाली तेच."

"मनगटावर चार बोटांचे वळ हायत. भुईला बोटं असतात व्हय?"

मी फाटकापर्यंत गेलेल्या रांगेकडे बोट केलं.

त्या टेबलाच्या कडेवर बसल्या. नोकरीत असताना तालुक्याच्या दवाखान्यात एक बाई यायची, म्हणाल्या. पहिल्यांदा डोकं फुटलेलं, मग बरगडी, मग पाठ भाजलेली. तिन्ही वेळा म्हणाली, पडले. तिन्ही वेळा डॉक्टरने तसंच लिहिलं आणि कौसाबाईंनी पट्टी बांधली. "मला समजत नव्हतं असं न्हाई. पण मीबी म्हणलं, कामून दुसऱ्याच्या घरात नाक खुपसा. चवथ्या टायमाला तिला आणलं ते पोस्टमार्टमला. कागदावर काय, तर विहिरीत पडून. तिला धुवायला मलाच बोलावलं. लॅबवाली, मेलेल्याची जखम धुताना रगत येत न्हाई. लई सोपं काम असतं ते."

त्या बाईला धुतलं त्या दिवसापासून कुणीही पडलो म्हटलं की त्या विचारायच्या, कशावर पडलास. म्हणजे ज्याला मी विनोद समजून हसले होते तो विनोद नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे त्यांनी जे केलं ते कुठल्या पुस्तकात नसेल. मुक्ताच्या नवऱ्याला, दत्ताला, त्यांनी शाळेवर बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "बायकोची पट्टी रोज बदलावी लागंल बगा. न्हाई तर हात सडंल आन् मग तोडावा लागंल." कामाची बाई हाताने अधू झाली तर घरातलं कोण करणार? दत्ता रोज पाठवायला कबूल झाला. मी नंतर म्हणाले, "मावशी, मुक्या माराला रोज पट्टी लागत नाही." त्या म्हणाल्या, "पट्टी लागत न्हाई. तिला रोज हितं यायला लागतंय."

मुक्ता रोज यायला लागली. कौसाबाई अर्धा-अर्धा तास पट्टी सोडायच्या आणि बांधायच्या. काही विचारायच्या नाहीत. मिश्री कुठली चांगली, लातूरला पाणी किती दिवसांनी येतं, असल्या गप्पा. चौथ्या दिवशी मुक्ता आपणहून म्हणाली, "माय, तो गज घेऊन मागं लागतो." पाचव्या दिवशी म्हणाली, "माहेरी आई न्हाई. भाऊ म्हणतो, नांदायला दिलीया, तिथंच मर." सहाव्या दिवशी कौसाबाई म्हणाल्या, "नवव्या दिशी आमची जीप जाणार. माझ्या घरी दोन खोल्या हायत. चल."

मुक्ता म्हणाली, "उद्या सांगते."

उद्या ती आली नाही. आठव्या दिवशीही नाही. कौसाबाईंनी त्या दोन दिवसांत मिश्रीचा डबा रिकामा केला आणि एकाही पेशंटला शिवी दिली नाही. पास्टर त्यांच्यापाशी जाऊन म्हणाले, "तिच्यासाठी प्रार्थना करू." त्या म्हणाल्या, "करा. मी तिच्या घराकडं जाऊन येते." गेल्या, तर दत्ताच्या भावाने दारातून ढकलून दिलं. गावात तोवर आवई उठलीच होती की मिशनवाले आपल्या बायका फितवतात, धर्म बाटवायला गाडीत घालून नेतात.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही तंबू उतरवत होतो. मुक्ता पळत आली. पदर कुठे, पायांत चप्पल नाही. तिचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता, तोंड मिटत नव्हतं, हनुवटीवरून गळ्यापर्यंत रक्त. ती सरळ कौसाबाईंच्या अंगावर येऊन पडली. मला आत चढायला सांगून त्यांनी तिला जीपमध्ये माझ्या शेजारी बसवलं आणि दार लावून पुढे उभ्या राहिल्या.

मागून दत्ता, त्याचा भाऊ आणि तीस-चाळीस माणसं. त्यांनी अर्धवट उतरलेला तंबू ओढून पाडला, औषधाच्या बाटल्या आपटल्या. पास्टर हात जोडून पुढे गेले तर कुणीतरी त्यांच्या थोबाडीत मारली, चष्मा उडाला आणि पायाखाली चिरडला. ते खाली बसून चाचपडायला लागले. डॉक्टर जीपमागे बसून पोलिसांना फोन लावत होती, तिचा आवाज मला ऐकू येत होता, ती नुसती गावाचं नाव पुन्हा पुन्हा सांगत होती.

"धरम बाटवायला आले भाडखाऊ!" कुणीतरी ओरडलं.

"मी ह्यांची न्हाई आन् तुमचीबी न्हाई," कौसाबाई ओरडल्या. "मी जयभीमवाली हाय. कोण बाटवतंय मला, बोला! पोरीचा जबडा तुटलाय, तिला दवाखान्यात न्यायचंय."

दत्ताच्या उजव्या हातात लोखंडी गज होता. डाव्या हाताने त्याने खिशातून एक कागद काढला आणि गर्दीपुढे नाचवला.

"मी मारलं म्हणती ही म्हातारी. ह्यांच्याच कागदावर काय लिहिलंय बगा! पडून! ह्यांच्याच माणसानं लिहिलंय!"

माझं अक्षर. माझा निळा पेन. गर्दीतल्या एका पोक्त माणसाने तो कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला, "जखमेचं कारण: पडून." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला जीपमधून उतरून ओरडायचं होतं की ते खोटं आहे, मी नीट विचारलंच नव्हतं. माझे पाय हलले नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कौसाबाईंनी मागे वळून काचेतून मुक्ताकडे पाहिलं. "सांग माय," म्हणाल्या. "आता तूच सांग."

मुक्ता बोलू शकत नव्हती. जबडा हलत नव्हता, घशातून नुसता घरघर आवाज येत होता. दोन दिवस आम्ही जिच्या उत्तराची वाट पाहिली, तिचं तोंडच त्याने फोडलं होतं. तिने माझ्या अंगावरून ओणवं होऊन जीपचं दार उघडलं. खाली उतरली. बांधलेला हात उचलला आणि सगळ्या गावासमोर दत्ताकडे बोट केलं. हात खाली घेईना. तसाच धरून उभी राहिली.

दत्ताने गज उचलला तो तिच्या डोक्यासाठी. कौसाबाईंनी मध्ये हात घातला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. वाळलेली तुराटी मोडल्यासारखा. त्यांचा उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळला, दोन बोटं चिरडली गेली. त्या पडल्या नाहीत. डाव्या हाताने त्यांनी मुक्ताला मागे ढकललं आणि दत्ताच्या तोंडावर थुंकल्या. त्याने पुन्हा गज उगारला, तेवढ्यात गर्दीतून दोघेजण त्याच्या अंगावर कोसळले. एकाचा कान पट्टीत होता, दुसऱ्याचा खांदा. थोरल्याचे टाके त्या झटापटीत उसवले, सदरा पुन्हा लाल झाला, पण त्याने दत्ताला पोलीस येईपर्यंत खाली दाबून धरलं.

जमादार आले, त्यांनीही आधी तो कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. ह्या वेळी माझे पाय हलले. "ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "मी तिला नीट विचारलं नाही. मनगटावर बोटांचे वळ होते आणि ते मी बघितले नाहीत. तसं लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. मुक्ताने अंगठा नाही, सही केली. मला वाटतं, तिला सही येते हे दत्तालाही माहीत नव्हतं.

नांदेडपर्यंत जीपमध्ये मुक्ताचं डोकं माझ्या खांद्यावर आणि कौसाबाईंचा हात टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होता. कौसाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. प्रत्येक खड्ड्याला त्या दात खायच्या, पण ओरडत नव्हत्या. मी पुटपुटायला लागले. आई गेली त्या रात्रीनंतर पहिल्यांदा. लहानपणी पाठ केलेले शब्द, त्यातले निम्मे विसरलेले. कौसाबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "काय करून राहिलीस?"

"प्रार्थना."

"मग मोठ्यानं कर की. मलाबी ऐकू दे. तेवढंच दुखणं विसरतं."

मी मोठ्याने म्हटली. पुढे बसलेल्या पास्टरांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, तेही सूर मिळवू लागले. कुणी आमेन म्हणायची घाई केली नाही.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात त्यांची दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याशेजारचीच, चिमटा धरायची. वॉर्डात नवा ड्रेसर यायचा, त्याला त्या झोपूनच शिकवायच्या, "ओढू नको रे, भाड्या. आधी भिजव, मग सोडव. माणूस हाय ते, पोतं न्हाई." चौथ्या दिवशी तो पोरगा इतर पेशंटच्या पट्ट्या कशा बांधायच्या हे विचारायला त्यांच्या खाटेशी येऊ लागला. एकदाच, मी सफरचंद कापून देत असताना, त्या डाव्या हाताने उजवा हात उचलून बघत म्हणाल्या, "चाळीस वरसं हाच हात जगवून राहिला होता मला." आणि तोंड भिंतीकडे केलं. मी सफरचंदाच्या फोडी झाकून ठेवल्या.

मुक्ताचा जबडा तारेने बांधला होता. ती माझ्याकडे विष्णुपुरीला तीन आठवडे राहिली. तिचा भाऊ एकदा येऊन गेला, समजुतीने घ्या म्हणाला. तिने पाटीवर लिहून दिलं, "जा." दत्ता जामिनावर सुटला तेव्हा ठरलं की ती कौसाबाईंबरोबर लातूरला जाईल. केस उभी राहायची आहे अजून, आणि कागद अजून त्यात आहे. माझी साक्ष होईल तेव्हा मला पुन्हा ते सगळं सांगायचं आहे. मी सांगणार आहे.

त्या दोघींना मी नांदेडच्या स्टँडवर सोडायला गेले. भर दुपार, लातूर गाडीला ही गर्दी. कौसाबाईंनी मुक्ताला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पुन्हा खाली उतरून माझ्यापाशी आल्या. मला काहीतरी बोलायचं होतं. आभार हा शब्द त्या माणसापुढे इतका तोकडा होता की तोंडातून निघेना. शेवटी आमच्या घरात म्हणायची पद्धत आहे तेच म्हणाले, "मावशी, देवानंच तुमचा हात मध्ये घातला त्या दिवशी."

त्यांनी पट्टीतला हात वर करून बघितला, उलटासुलटा केला.

"असंल," म्हणाल्या. "त्याचा असंल तर त्याचा. दुखून मात्र मलाच राहिलाय."

आणि हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं. मग कंडक्टरने घंटी मारली, त्या लोकांना कोपराने ढकलत आत चढल्या. गाडी फाटकातून बाहेर पडताना ड्रायव्हरने रिक्षा वाचवायला कचकन ब्रेक मारला. खिडकीत मुक्ताने दोन्ही हातांनी जबडा धरला आणि तिच्या मागून डावी मूठ बाहेर आली.

"हळू हाक की, मुडद्या! पोरीचा जबडा हाय!"

सगळा स्टँड वळून बघायला लागला. मी हसत होते आणि रडत होते, आणि तिथेच, रिक्षावाल्यांच्या गलक्यात, मी पहिल्यांदा अगदी मनापासून देवाचे आभार मानले.